पितृपक्षातले मासे

आम्ही नवरा-बायको मासे खायला धरणावर जायचो, आणि तिथं बसले की मला दोन गोष्टींची भीती वाटायची. एक म्हणजे आपल्याला कुणी बघेल. दुसरी पाण्याची.

पहिल्या भीतीचं कारण माझं सासर. सासरे गोदाकाठी यात्रेकरूंचे विधी करतात. श्राद्ध, दहावं, अस्थिविसर्जन. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं, आता मोठे दीर त्यांच्या हाताखाली करतात. चातुर्मासात घरात कांदा-लसूण येत नाही. माझं माहेर देवळ्याकडचं. कांद्याच्या चाळीभोवती खेळत मोठी झालेली मी, लग्नानंतरचा पहिला चातुर्मास कसा काढला ते माझं मला माहीत. आमचं लग्न कॉलेजात जमलेलं. सासऱ्यांनी फार ताणलं नाही, फक्त एवढंच म्हणाले, "आमच्या घरात तसलं काही आणू नकोस." मी आणलं नाही. मजा अशी, की माशांची चटक मला नव्हतीच. आमच्या गावाला मासे कुठले? चटक नवऱ्याला. नोकरीच्या सुरुवातीला तो रत्नागिरीला होता, तिथं लागली. नाशिकला बदली झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी त्याला राहवायचं नाही. मग शनिवारी दुपारी काहीतरी निमित्त काढून आम्ही पेठ रस्त्याला लागायचो.

तिकडं धरणाच्या फुगवट्यावर बरीच हॉटेलं झाली आहेत. काहींना दिव्यांच्या माळा आणि फोटो काढायला झोपाळे, काहींत बिअर मिळते आणि गाणी मोठ्यानं लावलेली असतात. आमचं ठरलेलं हॉटेल मात्र रस्त्यावरून दिसतसुद्धा नव्हतं. भाताच्या खाचरांमधून कच्चा रस्ता, शेवटी एक पत्र्याची शेड. पन्नाशीचं एक जोडपं ते चालवायचं. तो ताजे मासे आणायचा, ती चुलीवर तळायची. नागलीची भाकरी, चिलापीचे तळलेले तुकडे, लसणाचा ठेचा. तिला मी मावशी म्हणायचे. त्या मला ताई.

शेडपुढं पाण्यात त्यांनी एक तराफा बांधला होता. खाली निळे प्लॅस्टिकचे ड्रम, वर फळ्या, चार बाजूंनी बांबूचा कठडा आणि डोक्यावर गवताचं छप्पर. काठावर दोन खांब रोवून त्यांना दोरांनी बांधलेला. जायला अरुंद फळ्यांचा साकव. नवरा नेहमी तिथंच बसायचा. कारण त्या छपराखाली बसलेला माणूस शेडमधून ओळखू येत नसे. म्हणजे एक भीती कमी करायची तर दुसऱ्या भीतीवर जाऊन बसायचं, असा तो प्रकार होता. देवळ्याकडं लहानपणी पाणी म्हणजे विहीर, आणि विहीर म्हणजे 'काठाला जाऊ नको' एवढंच मला माहीत. तराफा जरा हलला की मी टेबल धरायची. नवरा हसायचा. तो लहानपणापासून गोदावरीत पोहलेला. घाटावर वाढलेल्या मुलांना पोहणं शिकवावं लागत नाही.

एकदा एक माणूस शेडमधून थेट आमच्याकडं चालत आला. कपाळाला गंध, पांढरा शर्ट. नवऱ्याच्या हातात माशाचा तुकडा. त्यानं तो ताटात टाकला, ताटावर दुसरं ताट पालथं घातलं. माणूस जवळ येऊन म्हणाला, "तुमची गाडी जरा पुढं घेता का? माझी निघत नाहीये." तो गेल्यावर आम्ही पोट धरून हसलो. पण मी जेवण संपेपर्यंत शेडकडंच बघत राहिले.

नवऱ्याचा जन्म भाद्रपदातल्या वद्य पक्षातला. त्यामुळं त्याचा वाढदिवस घरात कधी झालाच नाही. ते दिवस पितरांचे. सासऱ्यांना आणि दिरांना पहाटेपासून घाटावर उसंत नसते, सासूबाई सोवळ्यात, गोडधोड होतं ते पानावर वाढायला. लहानपणी त्याला वाटायचं, आपल्या वाढदिवसाला घरी कावळे जेवायला येतात. हे तो हसत सांगायचा, पण प्रत्येक वर्षी सांगायचा.

त्या वर्षी त्यानं सकाळीच सांगून टाकलं. "आज धरणावर जायचं."

"पितृपक्षात?" मी म्हटलं. "वेडा आहेस का?"

"वाढदिवस पितृपक्षातच येतो त्याला मी काय करू?"

मला ते मनापासून नको होतं. मी काही फार देवदेव करणारी नाही. पण त्या घरात राहून काही गोष्टी अंगात भिनतात. मुलीला जावेकडं सोडलं, सासूबाईंना सांगितलं ऑफिसातल्या एकाची वास्तुशांत आहे. रस्त्यात एका वळणावर कावळा आडवा उडाला आणि मी दचकले, तर नवरा म्हणाला, "अगं, तो कावळा आहे. असा चेहरा नको करूस."

धरण काठोकाठ भरलं होतं. उन्हाळ्यात जिथं आम्ही चपला हातात घेऊन चालायचो तिथं आता बाभळींचे नुसते शेंडे दिसत होते. तराफ्यावर आमच्याशिवाय एक म्हातारं जोडपं होतं, सातपूरचं. आजोबांपुढं बिअरची बाटली, आजी त्यांना दर दोन मिनिटांनी "पुरे" म्हणत होत्या. हवा अगदी कोंडलेली. पाण्यावर एक तरंग नाही. मावशी भाकऱ्यांची दुसरी खेप घेऊन साकवावरून आल्या आणि ताट ठेवता ठेवता पश्चिमेकडं बघून थांबल्या.

"लय काळं झालंय," त्या म्हणाल्या. "ताई, आटपा लवकर. आत शेडमधी बसा."

आम्ही उठेपर्यंत वारं आलंच. आधी पाण्यावरून काहीतरी सरपटत यावं तसा आवाज आला. मग छपराचं गवत एकदम वर उचललं गेलं आणि अख्खा तराफा काठापासून मागं ओढला गेला. साकवाच्या फळ्यांचं टोक सुटलं आणि त्या पाण्यात पडल्या. मी खाली बसले होते, कधी बसले ते आठवत नाही. ताटं, ग्लास, बाटली सगळं एका बाजूला घसरत गेलं. एक दोर तटकन तुटला. दुसरा दोर ताणला गेला तशी तराफ्याची ती बाजू पाण्यात दबायला लागली. पाणी फळ्यांवरून माझ्या घोट्यांपर्यंत आलं. आजी किंचाळल्या. मग काठावरचा खांबच चिखलातून उपसून आला आणि आम्ही सुटलो.

काठावर मावशींचा नवरा दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होता. ऐकू येत नव्हतं. त्याची होडी शेडमागं दुरुस्तीला पालथी पडलेली आम्ही येतानाच पाहिली होती. तो वळला आणि काठाकाठानं पळत सुटला. "कोळ्यांच्या वस्तीवर चाललाय," मावशी म्हणाल्या. "व्हडी आणील." पण त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला होता आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"मावशी, तुम्हाला पोहता येतं ना?" मी विचारलं.

"नाय ओ. आमाला कुणी शिकवलं?"

जन्मभर पाण्याच्या काठाला राहिलेली बाई. तिलाही येत नाही म्हटल्यावर मला जे वाटलं ते सांगता येणार नाही. तोवर मी मनात कुठंतरी तिच्या भरवशावर होते.

नवरा कठड्यापाशी उभा होता. आम्ही काठापासून फार लांब गेलो नव्हतो, पण जात होतो. तुटलेल्या दोराचं भेंडोळं त्याच्या पायाशी होतं. त्यानं शर्ट काढला, बूट काढले, फोन माझ्या पर्समध्ये टाकला.

"दोर कमरेला बांधून काठाला जातो. एखाद्या झाडाला बांधला की झालं."

"नाही," मी म्हटलं. "नको. होडी येतेय."

"होडी येईपर्यंत मधोमध जाऊ आपण. अगं, एवढं तर अंतर आहे."

मी त्याचा हात धरला. दोन्ही हातांनी धरला. त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली. रागानं नाही, लहान मुलाची सोडवतात तशी. आणि उडी मारली.

पहिले काही हात तो छान पोहला. मग पाऊस आला, आडवा, डोळ्यांत जाणारा. त्याचं डोकं दिसायचं, लाटेमागं जायचं, परत दिसायचं. दोर माझ्या हातातून सरकत होता. मग तो सरकायचा थांबला. संपला होता. तराफा उलट दिशेला चालला होता आणि तो काठाकडं, मध्ये दोर ताठ. त्या ताणानं त्याला मागं खेचलं. मी पाहिलं त्याचं डोकं पाण्याखाली गेलेलं. मी दोर ओढायला लागले, मग वाटलं ओढल्यानं तो आणखी खाली जाईल, म्हणून सोडला. मग परत धरला. काय करावं ते कळत नव्हतं. मग दोर एकदम हलका झाला. ओढला तर नुसताच आला. टोकाची गाठ सुटलेली.

त्याचं डोकं परत दिसलं नाही.

आजोबा फळ्यांवर पालथे झोपून एका हातानं आजींचा पाय धरून होते. मावशी उठल्या. त्यांच्या कमरेला कांदा कापायची सुरी होती. "छपराला वारं भरतंय," त्या ओरडल्या. "काढा ते." आम्ही दोघींनी मिळून ते गवत तोडलं. त्या दोऱ्या कापत होत्या, मी ओरबाडत होते. बोटं फाटली ते मला नंतर दिसलं. मी पाण्याकडं बघायचं टाळत होते. जोवर बघत नाही तोवर तो पोहतोय, असं माझं काहीतरी चाललं होतं.

छप्पर गेलं तसा तराफा जरा शांत झाला. मग खालून खरखर आवाज आला आणि आम्ही अडकलो. बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांत. पलीकडचा काठ जवळच होता. वारं पडलं, पाऊस सरळ पडायला लागला. थोड्या वेळानं दोन माणसं थर्माकोलचे तराफे वल्हवत आली, मागून एक होडी. आधी आजींना घेतलं. त्या माझा हात सोडत नव्हत्या, म्हणून मलाही त्यांच्याबरोबर घेतलं, मागोमाग बाकीच्यांना, आणि शेडच्या काठाला आणून सोडलं.

"माझा नवरा पाण्यात आहे," मी त्या माणसांना सांगितलं. आवाज माझा मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यातला एक म्हणाला, "बघतो ताई." त्यानं ज्या तऱ्हेनं ते म्हटलं त्यावरून मला वाटलं, संपलं.

मी काठानं चालायला लागले. मावशी माझ्याबरोबर. चिखलात पाय रुतत होते. मी त्याला हाक मारत होते, आणि प्रत्येक हाकेनंतर थांबून ऐकत होते. बेडकांचा आवाज नुसता. तेवढ्यात पर्समध्ये त्याचा फोन वाजला. तो भिजला नव्हता. पडद्यावर 'बाबा' दिसत होतं.

मी तो उचलायला नको होता. पण वाजणारा फोन हातात धरून उभं राहणं मला जमलं नाही.

"अरे, कुठं आहेस?" सासरे म्हणाले. मागं घाटावरचा गलका ऐकू येत होता. "आज लवकर मोकळा झालो. तुझी आई म्हणतेय, घरी खीर केलीच आहे, तर निदान आज—"

"बाबा," मी म्हटलं. "बाबा, तो पाण्यात गेलाय. सापडत नाहीये."

सासऱ्यांसमोर मी नवऱ्याला कधी अरेतुरे केलेलं नाही. पलीकडं घाटावरचा गलका तसाच चालू होता. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या पाण्यात?" एवढंच. मी सांगायला लागले आणि फोन बंद पडला. रेंज गेली होती. मी परत परत लावत राहिले. लागला नाही.

तो सापडला तो एका गोठ्यात. काठावरच्या शेतकऱ्यानं त्याला चिखलात हातापायांवर रांगताना पाहिलं आणि ओढत आत नेलं होतं. तो गोणपाट पांघरून बसला होता, दात वाजत होते, समोर त्यानं ओकलेलं पाणी. कमरेला दोराचा लाल वळ उठलेला. मला पाहून तो म्हणाला, "गाठ सुटेना. मग सुटली." तो तेच परत परत म्हणत होता. मी त्याच्याजवळ बसले आणि त्याच्या दंडाला हात लावला. दंड गार होता, पण थरथरत होता. थरथरणं म्हणजे जिवंत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. गाय आमच्याकडं बघत रवंथ करत होती. मावशी दाराला टेकून रडायला लागल्या, मोठ्यानं, आणि त्यांच्या रडण्यानं मी पण.

रेंज आली ती डांबरी रस्त्याला लागल्यावर. मी फोन लावला, पहिल्याच रिंगला उचलला गेला. "सापडले," मी म्हटलं. "बरे आहेत. आम्ही येतोय." सासऱ्यांच्या हातून फोन सासूबाईंनी घेतला.

गाडी मीच चालवली. तो मागच्या सीटवर पडून होता. शहर जवळ यायला लागलं तशी मला पहिली भीती आठवली. घरी काय सांगायचं? वास्तुशांत, आणि हा ओला, उघडा, अंगाला माशाचा आणि शेणाचा वास. मी आरशातून त्याच्याकडं पाहिलं. त्यानं डोळे मिटले होते.

सासरे दारात उभे होते. घाटावरून आलेले ते तसेच, धोतर ओलं, खांद्यावर पंचा. एरवी ते बाहेरून आले की आधी हातपाय धुतात. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि मुलाचं डोकं पुसायला लागले. चाळिशीतला मुलगा दारात मान खाली घालून उभा, आणि ते पुसताहेत. पंचा एकदा त्यांच्या हातून खाली पडला. मी उचलून दिला.

"उडी मारलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"स्वतःहून?"

"दोर न्यायचा होता, बाबा."

"पाण्यात गेलेल्यांचे बाप येतात माझ्याकडं," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "समोर बसतात. मी सांगतो, पाणी सोडा, ते सोडतात. मी सांगतो, नाव घ्या, तर नाव घेता येत नाही त्यांना. मला घ्यावं लागतं. आज तुझं नाव..." ते पायरीवर बसले.

सासूबाई आतून आल्या. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पण तुम्ही तिथं गेला कशाला होतात?"

मी काहीतरी बोलणार होते. त्याच्या आधीच तो म्हणाला, "मासे खायला."

समोरच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मी सासऱ्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. ते बराच वेळ पायरीवरच्या पाण्याच्या डागांकडं बघत राहिले.

"आधी आंघोळ कर," शेवटी ते म्हणाले. "कढत पाण्यानं. आणि मग जेव."

माशांचा विषय त्या घरात परत कधी निघाला नाही. रागावून नाही, सोडून देऊनही नाही. निघाला नाही एवढंच. तराफा मावशींच्या नवऱ्यानं मोडून टाकला. हिवाळ्यात आम्ही एकदा त्यांना भेटायला गेलो, शेडमध्ये चहा घेतला आणि अंधार पडायच्या आत परत आलो. नवरा बराच काळ रात्री झोपेत कमरेशी चाचपायचा. मी त्याचा हात धरून ठेवायची.

पण त्या दिवसानंतरची पहाट मला जास्त लक्षात आहे. पितृपक्ष संपला नव्हता. सासरे नेहमीसारखे अंधारात उठले, पिशवी घेतली. गोदावरीला वरून पाणी सोडलेलं होतं, खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. हे मला माहीत होतं, आणि माहीत असल्यामुळंच अंथरुणात पडून राहता येईना. मी शाल घेतली आणि त्यांच्या मागं गेले.

घाटावर माणसं जमत होती. सासरे एका यजमानाला घेऊन पायऱ्या उतरले, घोट्यांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत पाण्यात. मी वर दगडी खांबाला धरून उभी राहिले. पाणी गढूळ आणि जोरात चाललं होतं. इतकी वर्षं मी ते बघत आले होते आणि एकदाही मला त्यांची काळजी वाटली नव्हती. त्यांनी मागं वळून पाहिलं.

"काय गं? घरी काही झालं का?"

"नाही बाबा."

"मग जा. थंडी वाजेल."

"थांबते थोडी," मी म्हटलं.

ते एक पायरी वर आले, यजमानालाही हाताला धरून वर घेतलं, आणि मग मंत्र सुरू केला.